‘देवाचं नीतिमत्त्व’ म्हणजे नेमकं काय?

अमुक मंत्र्यानं ‘नैतिकतेच्या मुद्द्यावर’ राजीनामा दिला, अशी बातमी वर्षा-दोन वर्षांत एकदा तरी वाचायला मिळते. त्यामुळे नीती, नैतिकता, नीतिमत्ता हे शब्द कानावर पडले की आपल्या मनात येतं ते चारित्र्य. माणूस धुतल्या तांदळासारखा आहे की नाही, एवढंच. याच सवयीनं आपण मराठी बायबल उघडतो आणि रोमकरांस पत्राच्या, म्हणजे प्रेषित पौलानं रोममधल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्राच्या, पहिल्याच अध्यायात वाचतो की सुवार्तेत ‘देवाचं नीतिमत्त्व’ प्रकट झालं आहे. सुवार्ता म्हणजे आनंदाची बातमी. पण देव चारित्र्यवान आहे यात बातमी कसली? आणि आपण तसे नाही हे मनोमन ठाऊक असताना त्यात आनंद तरी कुठून येणार?

रविवारच्या उपासनेनंतर आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायबल-अभ्यासाचा वर्ग भरतो. तिथे एका मावशींनी एकदा विचारलं, “देव नीतिमान आहे असं तुम्ही इतक्या आनंदानं सांगता. मला तर ते ऐकून धडकीच भरते. मी काय तोंड घेऊन त्याच्यापुढे उभी राहू?” त्या दिवशी वर्गात कुणालाच धड उत्तर देता आलं नाही, मलाही नाही. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

शब्द मुळात काय सांगतो

जुन्या करारातला हिब्रू शब्द आहे ‘त्सेदाका’, आणि नव्या करारातला ग्रीक शब्द ‘डिकायोसूने’. दोन्हींसाठी मराठी बायबलनं बहुतेक ठिकाणी ‘नीतिमत्त्व’ हा शब्द घेतला. मराठीत न्याय कोर्टात मिळतो, नीती शाळेत शिकवतात आणि दया देवळाच्या पायरीवर दाखवतात. तिन्हींचे खण वेगळे. हिब्रू शब्दात मात्र हे सगळं एकत्र आहे, आणि त्याचा गाभा आहे नातं. नात्यानं जे करायला बांधलेला आहे ते करणारा, तो नीतिमान.

‘उत्पत्ती’ या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या ३८व्या अध्यायात तामारेची गोष्ट आहे. चर्चमध्ये ती फारशी वाचली जात नाही, पण हा शब्द तिच्याइतका स्वच्छ कुठेच उलगडत नाही. यहूदाची ही सून विधवा झाली. रिवाजानुसार धाकट्या दिराशी तिचं लग्न लावून देणं ही सासऱ्याची जबाबदारी. यहूदानं तिला ‘पोरगा मोठा होईपर्यंत माहेरी थांब’ म्हणून पाठवलं आणि विषय मनातून काढून टाकला. पोरगा मोठा झाला, निरोप आला नाही. मग एक दिवस ती बुरखा घेऊन रस्त्याच्या कडेला बसली. यहूदानं तिला वेश्या समजून करडू देण्याचं कबूल केलं. करडू येईपर्यंत गहाण म्हणून तिनं त्याच्याकडून तीन वस्तू मागून घेतल्या: त्याची मुद्रा, गोफ आणि हातातली काठी. तीन महिन्यांनी सून गरोदर असल्याचं कळताच यहूदा म्हणाला, “तिला बाहेर काढा आणि जाळा.” तिला बाहेर नेत असताना तिनं त्या वस्तू सासऱ्याकडे पाठवल्या. या ज्याच्या आहेत, त्याच्यापासून मला दिवस गेलेत, एवढाच निरोप.

यहूदानं वस्तू ओळखल्या. आणि तो म्हणाला, ती माझ्यापेक्षा अधिक नीतिमान आहे, कारण मी तिला माझा मुलगा शेला दिला नाही.

तामारेनं केलं ते सोवळं होतं असं इथे कुणी म्हणत नाही. पण घराण्याचं नातं तिनं धरून ठेवलं आणि ज्यानं ते पाळायचं त्यानं अंग काढून घेतलं. शब्दाचा कस तिथे लागतो.

दुसरं उदाहरण ‘अनुवाद’ या जुन्या करारातल्या पुस्तकाच्या २४व्या अध्यायातलं. गरिबाला उसनं देताना त्याचं पांघरूण तारण घेतलं असेल, तर सूर्य मावळायच्या आत ते परत दे, म्हणजे तो आपल्या पांघरुणात झोपेल आणि तुला आशीर्वाद देईल. हे तुझं ‘त्सेदाका’ ठरेल. ज्यू समाजात आजही दानधर्माला हाच शब्द आहे.

देव आपलं ब्रीद राखतो

आता हाच शब्द देवाला लावून पाहा. देवानं अब्राहामाशी करार केला, त्याच्या संततीला आपलं म्हटलं, तिच्याद्वारे पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांना आशीर्वाद देईन असा शब्द दिला. तो शब्द पाळणं हे देवाचं नीतिमत्त्व. मराठीत यासाठी फार चांगला शब्द आहे: ब्रीद. एखाद्यानं आपलं ब्रीद राखलं असं आपण म्हणतो तेव्हा तो कसा आहे आणि त्यानं काय केलं, हे दोन्ही एका दमात सांगतो.

म्हणूनच यशया संदेष्टा नीतिमत्त्व आणि तारण (म्हणजे सुटका) हे शब्द जोडीनं वापरतो: माझं नीतिमत्त्व जवळ आहे, माझं तारण विलंब करणार नाही. म्हणूनच १४३व्या स्तोत्रात एक संकटात सापडलेला माणूस देवाला म्हणतो, तू नीतिमान आहेस म्हणून माझी विनंती ऐक. लगेच पुढच्या ओळीत तोच विनवतो की मला न्यायासनापुढे ओढू नकोस, कारण तुझ्यापुढे कोणीही जिवंत मनुष्य नीतिमान ठरणार नाही. मावशींची धडकी आणि त्या धडकीवरचा उतारा, दोन्ही लागोपाठच्या दोन ओळींत आहेत. तो माणूस देवाच्या नीतिमत्त्वापासून पळत नाही, त्याच्याच आडोशाला येतो.

पण मोजमापही खरंच आहे

इथे थांबलो तर गोष्ट फार गोड होईल. नीतिमत्त्वाला दुसरी धारही आहे. यशयाच्या २८व्या अध्यायात देव म्हणतो की मी न्यायाचं सूत्र लावीन आणि नीतिमत्त्वाचा ओळंबा धरीन.

ओळंबा म्हणजे काय ते मला घराची मागची खोली बांधताना नीट कळलं. भिंत छातीएवढी झाल्यावर गवंडीमामांनी दोरी सोडली. खाली वजन आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर फट दिसत होती. मला नुसत्या डोळ्यांनी भिंत सरळच वाटत होती. मी म्हटलं, “गिलाव्यात घ्या की भरून.” मामा म्हणाले, “गिलाव्यानं भिंत सरळ दिसंल. सरळ होणार न्हाई.” आणि त्यांनी वरचे चार थर उतरवले.

ओळंबा भिंतीवर रागावलेला नसतो. तो फक्त लोंबतो आणि खरं सांगतो. देव भला असेल तर त्याला वाकडं वाकडंच म्हणावं लागेल. ज्या सावकारानं गरिबाचं पांघरूण रात्रभर ठेवून घेतलं, त्याच्याकडे पाहून देव ‘चालायचंच’ म्हणाला, तर थंडीत कुडकुडणाऱ्यानं कुणाकडे पाहायचं? पौल रोमकरांस पत्रात पहिले तीन अध्याय ही दोरीच सोडतो, आणि परराष्ट्रीय असोत की यहूदी, सगळ्यांच्याच भिंतीत फट दाखवतो.

‘आईचा स्वभाव’ आणि ‘आईचा डबा’

सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर याच दोरीखाली उभा राहून खचला होता. १५०५ साली तो एर्फुर्टच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाला. उपास, जागरणं, तासन्‌तास पापकबुली, त्यानं काही कमी ठेवलं नाही. पुढे विटेनबर्गला तो बायबल शिकवू लागला आणि १५१५-१६ मध्ये त्यानं रोमकरांस पत्रावर व्याख्यानं दिली. १५४५ मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी, मागे वळून पाहताना त्यानं लिहिलं की ‘देवाचं नीतिमत्त्व’ या शब्दांचा मला तिरस्कार वाटे. पापी माणसाला शिक्षा करणारी देवाची न्यायबुद्धी, एवढाच अर्थ त्याला शिकवला गेला होता.

पेच आहे त्या ‘देवाचं’मधल्या ‘चं’मध्ये. आपण ‘आईचा स्वभाव’ म्हणतो तेव्हा स्वभाव आईपाशीच राहतो. ‘आईचा डबा’ म्हणतो तेव्हा डबा आपल्या दप्तरात असतो, कारण आईनं तो भरून दिलेला असतो. लूथरनं आयुष्यभर पहिला अर्थ ऐकला होता. ‘नीतिमान विश्वासानं जगेल’ या पुढच्याच वाक्यावर रात्रंदिवस विचार करताना त्याला दुसरा अर्थ दिसला: हे देवानं द्यायचं आणि माणसानं विश्वासानं घ्यायचं नीतिमत्त्व आहे. स्वर्गाची दारं उघडून आपण आत शिरलो असं तेव्हा वाटलं, असं तो लिहितो. ऑगस्टीन या प्राचीन चर्चमधल्या धर्मचिंतकानं अकराशे वर्षं आधी असंच काही लिहून ठेवलं होतं, ते त्याला नंतर सापडलं.

अभ्यासक आजही या ‘चं’वर वाद घालतात. काहींच्या मते पौलाला देवाचा करारनिष्ठपणा म्हणायचा आहे, काहींच्या मते माणसाला मिळणारं दान. मला वाटतं, पौलाच्या लिहिण्यात दोन्ही एकमेकांत विणलेले आहेत. देव आपलं ब्रीद राखतो म्हणूनच तो डबा भरून देतो. फिलिप्पैकरांस पत्रात तर पौल सरळच म्हणतो: माझं स्वतःचं नीतिमत्त्व नव्हे, देवापासून मिळणारं.

‘गणलं गेलं’ म्हणजे काय

उत्पत्ती १५:६ मध्ये एक वाक्य आहे. अब्राहामानं देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याला नीतिमत्त्व असं गणण्यात आलं. पौल रोमकरांसच्या चौथ्या अध्यायात हे वाक्य पुन्हा पुन्हा घोळवतो. ‘गणणे’साठीचा ग्रीक शब्द हिशेबाच्या वहीतला आहे, कुणाच्या तरी नावे जमा धरणं अशा अर्थाचा. मजुराला मिळते ती मजुरी उपकार नसते, त्याचा हक्क असते, असं पौल तिथेच सांगतो. इथे मात्र काम न केलेल्याच्या नावावर जमा होतं.

कुणाच्या जिवावर? इब्री लोकांस पत्रात येशूला अधिक चांगल्या कराराचा ‘जामीन’ म्हटलंय. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाला विचारा, ही सही काय करते. कर्जदाराचे हप्ते थकले की नोटीस जामीनदाराच्या दारात येते आणि कपात त्याच्या पगारातून होते. कर्ज माफ झालेलं नसतं, ते फिटलेलं असतं, भरणारा वेगळा असतो. फरक इतकाच की आपल्याकडचा जामीनदार ‘वेळ येणार नाही’ या भरवशावर सही करतो. ख्रिस्तानं वेळ येणार हे जाणून सही केली.

गुन्हेगाराला सोडणं हा न्याय कसा?

हा आक्षेप बाहेरून आलेला नाही, तो बायबलमध्येच आहे. दुष्टाला निर्दोष ठरवणारा आणि नीतिमानाला दोषी ठरवणारा, दोघांचाही परमेश्वराला वीट येतो, असं नीतिसूत्रांच्या १७व्या अध्यायात म्हटलंय. आणि पौल देवाला नाव काय देतो? अधार्मिकाला नीतिमान ठरवणारा! लाच घेऊन सोडणाऱ्या न्यायाधीशात आणि अशा देवात काय फरक?

पौलाचं उत्तर रोमकरांस ३:२५-२६ मध्ये आहे. देवानं मागची पापं सहन केली, त्यामुळे कुणालाही वाटलं असतं की वरचं कोर्ट बंद आहे. येशू वधस्तंभावर मेला तेव्हा दिसून आलं की ते बंद नाही. पापाची किंमत पूर्ण मोजली गेली, म्हणून देव स्वतः न्यायी राहून पाप्याला नीतिमान ठरवू शकतो.

यावर पुढचा प्रश्न येतो, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो: निरपराध माणसाला शिक्षा देणं हा तरी न्याय आहे का? देवानं समोर दिसेल त्या तिसऱ्याच माणसाला पकडून फासावर दिलं असतं, तर तो घोर अन्यायच होता. पण ख्रिस्ती श्रद्धेत येशू तिसरा कुणी नाही. देव ख्रिस्तामध्ये होता आणि जगाचा स्वतःशी समेट करत होता, असं पौल म्हणतो. माझा प्राण कुणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो, असं येशू म्हणतो. ज्याचं देणं बुडालं, त्यानंच उठून ते स्वतःच्या अंगावर घेतलं. हे विसरून ‘रागावलेला बाप आणि मार खाणारा मुलगा’ असं चित्र रंगवणारी प्रवचनं मी ऐकली आहेत. त्यांनी फार नुकसान केलं आहे.

हा नुसता गिलावा तर नाही?

गवंडीमामांचं बोलणं इथे परत आठवतं. भिंत वाकडीच आणि देव वरून ‘सरळ’ असं लिहून टाकतो, असंच ना हे?

सोळाव्या शतकात चर्च दुभंगलं त्यात हा प्रश्न मोठा होता. नीतिमान ठरणं म्हणजे आधी देवाचा निवाडा, बदल त्याच्यामागून येतो, असं प्रॉटेस्टंट म्हणत. त्यात माणसाचं आतून नवं होणंही धरलंच पाहिजे, असं कॅथोलिक चर्चनं ट्रेंटच्या धर्मपरिषदेत १५४७ साली ठरवलं. साडेचारशे वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग शहरात कॅथोलिक चर्च आणि लूथरन जागतिक संघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, तर कृपेनंच, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासानं देव आपल्याला स्वीकारतो. आणि आपल्याला पवित्र आत्मा मिळतो, जो आपली अंतःकरणं नवी करून आपल्याला सत्कर्मांसाठी सज्ज करतो, एवढं दोघांनी मिळून मान्य केलं. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्याही त्यात आल्या. सगळे मतभेद मिटले असं नाही. पण वसईच्या कॅथोलिक घरातली सून नगरच्या प्रॉटेस्टंट घरात आली, तर या एका मुद्द्यावर दोन्ही घरांना एकत्र हात जोडता येतात.

माझ्यापुरतं उत्तर असं आहे की देवाचा निवाडा हा दत्तकपत्रासारखा आहे. सही झाली त्या क्षणी पोरगं त्या घरचं झालं, नाव लागलं, वारसा मिळाला. घराच्या चालीरीती त्याच्या अंगवळणी पडायला वर्षं लागतात. पण ती पडतात ती घरात असल्यामुळे. घरात घेण्यासाठीची ती परीक्षा नसते.

मग वाटेल तसं वागायला मोकळीक?

पौलाला त्याच्या हयातीतच हे विचारलं गेलं, आणि ‘कदापि नाही’ असं उत्तर देऊन त्यानं रोमकरांसचा सहावा अध्याय त्यावर खर्ची घातला. विश्वास म्हणजे देवाबद्दलचं एखादं मत पटणं नाही. ते स्वतःला त्याच्या स्वाधीन करणं आहे. कर्मांवाचून विश्वास निर्जीव, असं याकोब म्हणतो तेव्हा तो पौलाला खोडत नाही, पोकळ बोलण्याला खोडतो. त्याचं उदाहरणही अब्राहामाचंच आहे, फक्त कितीतरी वर्षांनंतरचं, तो आपला मुलगा इसहाक देवाला अर्पण करायला निघाला तेव्हाचं.

पंगतीचा प्रश्न

हा भाग आपल्या प्रवचनांतून सुटतो आणि मला सगळ्यात मोलाचा वाटतो. गलतीकरांस पत्रात ‘नीतिमान ठरणे’ हा विषय पहिल्यांदा निघतो तो जेवणावरून. अंत्युखिया शहराच्या मंडळीत येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीय (म्हणजे यहूदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंगतीला जेवत असे. यरुशलेमेहून याकोबाकडची काही माणसं आली, तशी त्याला लोक काय म्हणतील याची भीती वाटली आणि तो हळूच बाजूला झाला. त्याचं पाहून बाकीचे यहूदी उठले, बर्णबासारखा भला माणूससुद्धा. पौलानं पेत्राला सगळ्यांसमोर तोंडावर खडसावलं. त्यातूनच पुढचं वाक्य येतं: नियमशास्त्राच्या कर्मांनी कोणीही नीतिमान ठरत नाही, ख्रिस्तावरच्या विश्वासानं ठरतो.

देवानं ज्याला आपल्या ताटाशेजारी बसवलं, त्याच्यापासून मी ताट उचलून कसा उठू? पौलाचा युक्तिवाद हा आहे. पंक्तिभेद पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या समाजाला हे समजावून सांगावं लागत नाही. एकोणिसाव्या शतकात नगर भागात महार आणि मांग समाजातली माणसं मोठ्या संख्येनं मंडळीत आली. जन्मावरून आधीच ‘निकाल’ लागलेल्या माणसाला, देवाचा निकाल जन्मावर किंवा कर्मावर नाही, हे कानावर पडणं म्हणजे काय असेल! आणि तरीही आजसुद्धा आपल्यात स्थळ पाहताना दबक्या आवाजात विचारलं जातं, “मूळचे कोण हो ते?” हा प्रश्न विचारला जातो तेव्हा अंत्युखियाच्या त्या पंगतीतून आपणही उठत असतो.

चांगलं काम केलं तर पुरे नाही का?

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. विधवांसाठी इतकं करणारी बाई देवाला पसंत नसेल तर कोण असेल? पण बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला काय उमगलं ते त्यांनी साक्षीत लिहून ठेवलंय: मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. त्यानंतर त्यांनी काम थांबवलं नाही, वाढवलं. केडगावचं मुक्ती मिशन त्यानंतरचं. हिब्रू आणि ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतरही त्यानंतरचं. १९२२ मध्ये मृत्यूच्या थोडं आधी ते पुरं झालं.

त्या मावशींशी मी नंतर लूक १८ वाचला. मंदिरात परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा माणूस, आपले उपास आणि दशांश देवाला मोजून दाखवतो. जकातदार दूर उभा राहतो, वर बघायलाही धजत नाही, ऊर बडवून म्हणतो, देवा, मज पाप्यावर दया कर. येशू म्हणतो, हाच नीतिमान ठरून घरी गेला. मावशींनी पान उलटलं. पुढच्याच अध्यायात यरीहोचा जक्कय आहे, तोही जकातदार, झाडावर चढून बसलेला. येशू त्याला म्हणतो, लवकर खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. लोक कुरकुरतात. जक्कय उभा राहून सांगतो, माझं अर्धं द्रव्य मी दरिद्र्यांना देतो, आणि कुणाचं काही लबाडीनं घेतलं असेल तर ते चौपट परत करतो.

मावशी बोट ओळीवर ठेवून थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे येशू आधी जेवायला आला. वही त्यानं नंतर उघडली.”